कोनात चालणारा सांधा

मंडळी, आजच्या विषयाची पाटी वाचून दोघातिघांनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं युनिव्हर्सल जॉइंटशी काय काम? 'युनिव्हर्सल' या शब्दावरून आमच्यात अडीच हजार वर्षं भांडण चालू आहे, एवढं सांगून पुढे जातो.

उदाहरण म्हणून महिंद्रांची जुनी सीजे-३बी घेऊ या, विलीजच्या आराखड्याची जीप. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स चासीवर बसलेले असतात. मागचा अ‍ॅक्सल मात्र पाट्यांवर, म्हणजे खड्डा आला की तो वर-खाली होणार. एक टोक स्थिर, दुसरं हलतं, आणि मधून फिरती शक्ती न्यायची. म्हणून प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस. अधिक चिन्हासारखा तुकडा, चार हात, प्रत्येक हातावर टोपीसारखा कप, आणि कपात बारीक सुयांचं बेअरिंग. या सांध्याला कार्दानोचं नाव लागलं, सोळाव्या शतकातल्या इटालियन गणितज्ञाचं. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये तो सूर्य पाहण्याच्या उपकरणासाठी वर्णन केला. मोटार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

आता खरी गंमत बघा. एकटा सांधा कोनात फिरवला तर तो वेग जसाच्या तसा पुढे देत नाही. आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर पडणारी गती दर फेऱ्यात दोनदा वाढते, दोनदा कमी होते. कोन २० अंशांचा असेल तर हा फरक साधारण ६ टक्के वर आणि ६ टक्के खाली. पहिल्या सांध्याने केलेली ही गडबड दुसरा सांधा उलट करून मिटवतो. पण त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. शाफ्टमध्ये आत-बाहेर सरकणारा दात्यांचा भाग असतो. तो सुटा करून दोन-चार दाते चुकवून बसवला, की गडबड मिटत नाही आणि गाडी थरथरते. मग लोक चाकं बॅलन्स करत बसतात! म्हणून सोडवण्यापूर्वी दोन्ही भागांवर पंचने खूण करा. मूळ शाफ्टवर बाण असतात, पण पन्नास वर्षांच्या मातीखाली ते दिसतील याची खात्री नाही.

आधी सुरक्षिततेचं बोलतो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट उतरवला की मागच्या चाकांना ना हँडब्रेक धरतो, ना गिअर. उतारावर गाडी निघाली आणि खाली माणूस असला तर काय होईल ते सांगायला नको. सपाट जागा, चाकांना दोन्हीकडून अडण, आणि गाडी नुसत्या जॅकवर नाही, स्टँडवर. यात तडजोड नाही.

क्रॉस बसवताना ग्रीस दोन कामं करतं. वंगण तर आहेच, पण कपातल्या सुया उभ्या धरून ठेवणं हेही. ग्रीसचा थर पुरे, कप गच्च भरू नका. भरला तर ग्रीसला बाहेर जायला वाट नाही, कप अडतो, आणि माणूस हातोडी उचलतो. आडवी पडलेली एक सुईही असंच अडवते. दोन्ही वेळा लक्षण एकच: सर्क्लिप खोबणीत जात नाही. अशा वेळी कप काढा, सुया मोजा, पुन्हा लावा. व्हाइसमध्ये कप दाबताना मधेमधे क्रॉस बोटांनी हलवून बघा. गिल्बर्ट राइलने १९४९ च्या पुस्तकात 'अमुक माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत फरक केला. तो समजून घ्यायला हे बोट पुरेसं आहे. मोकळा फिरणारा आणि घट्ट होत चाललेला क्रॉस, यातला फरक सांगून कळत नाही.

निपल कोणत्या बाजूला येतं ते क्रॉस आत घालतानाच बघा. ग्रीस गन पोचणार नसेल तर पुढच्या सगळ्या सर्व्हिसिंगमध्ये तो सांधा उपाशी राहील. सुया इथे गोल फिरत नाहीत, थोड्याशा झुलतात. शाफ्ट अगदी सरळ रेषेत असेल तर तेवढंही झुलणं नाही. त्याच जागी दाब बसत राहून हातांवर बारीक चऱ्या पडतात. म्हणजे थोडा कोन असणं हा दोष नाही, गरज आहे. कपाच्या कडेला तांबूस पूड दिसली, किंवा हळू चालवताना 'चिक चिक' ऐकू आलं, तर सुया कोरड्या पडल्या समजा. अशा सांध्यात नुसतं ग्रीस भरून फायदा नाही, क्रॉस बदला.

सगळं जोडून झालं की साधं लिथियम ग्रीस, २ नंबरचं, गनने हळूहळू भरा. चारही कपांच्या सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. तीनच बाजूंनी आलं तर योक थोडा हलवा, गाडीचं चाक थोडं फिरवा आणि पुन्हा द्या. गाडी पाण्यातून गेली असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता हेच करा. शाफ्टच्या सरकत्या भागालाही वेगळं निपल असतं, ते विसरू नका. चला, आता प्रश्न घेऊ या.