मोटारीचे पाणी

कऱ्हाडहून विट्याकडे जाताना वाटेत कडेगाव लागते. हा भाग पर्जन्यछायेतील. चैत्र-वैशाखात येथील ऊन मोठे कडक असते. अशा दिवशी नुकतीच दुरुस्त करून आणलेली मोटार चार-पाच किलोमीटर जाते न जाते तोच तिच्यातून वाफेचे लोट निघू लागले, तर चालकाचा पहिला संशय कारागिरावर जातो. तो नेहमीच खरा असतो असे नाही.

एंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा सुमारे एक तृतीयांश भागच मोटार चालविण्याच्या कामी येतो. पुष्कळशी उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि जवळजवळ तितकीच एंजिनाच्या धातूत शिरते. ती वाहून नेणे हे पाण्याचे काम. पंपाच्या जोराने पाणी एंजिनाभोवतीच्या पोकळीतून फिरते, तापून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते, तेथे वाऱ्याने निवते आणि पुन्हा एंजिनाकडे परतते. आरंभीच्या मोटारींत पाणी वाफ होऊन उडून जात असे. १८८८ साली बर्था बेंझ ही जर्मन स्त्री आपल्या पतीने बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा तिला वाटेत वारंवार पाणी भरावे लागले होते.

दुरुस्तीच्या वेळी हे सारे पाणी काढून टाकतात व त्याची जागा हवा घेते. नंतर घाईने पाणी ओतले, की थोडी हवा आतच कोंडून राहते. पंप पाणी ढकलतो. हवेपुढे त्याचे काही चालत नाही. शिवाय तापमापकाचे टोक त्या हवेत सापडले, तर काटा चक्क खोटे सांगतो! म्हणून जाणता कारागीर एंजिन गार असताना पाणी सावकाश भरतो, झाकण उघडे ठेवून एंजिन मंद चालवितो आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरून काढतो. काही मोटारींत हवा सोडण्यासाठी निराळा स्क्रूच असतो.

बुडबुडे थांबतच नाहीत, तेलही दुधाळ झाले आहे, असे दिसले तर मात्र गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. एंजिन कढत, पण रेडिएटरकडे जाणारी नळी गारच, असे असेल तर थर्मोस्टॅट तपासावा. हे एक लहानसे दार असते. त्यातील मेण सुमारे ८० ते ९० अंशांवर वितळून फुगते आणि दार उघडते. ते बाहेर काढून पातेल्यातील पाण्यात तापविले, की उघडते की नाही हे डोळ्यांनी दिसते. नवे दार उलटे बसविले गेले असेल, तरीही पाणी अडते.

विहिरीचे जड पाणी वापरल्यास बंबाप्रमाणे रेडिएटरच्या नळ्यांतही क्षारांचे पुट चढते. शुद्ध केलेले पाणी व कूलंट यांचे मिश्रण त्यापेक्षा बरे. कूलंटने गंजही आवरतो.

वाफ दिसताच झाकण उघडण्याचा मोह होतो, आणि खरा धोका तेथेच असतो. बंद झाकणाखाली दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण फिरविताच दाब नाहीसा होतो, पाणी एकदम उसळते आणि हात व तोंड भाजून निघते. एंजिन थांबवून ते पुरते गार होईपर्यंत वाट पाहावी. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूलाही तडा जातो.