आधी ऐकणे, मग बोलणे
छत्तीसगडमधल्या भिलाईच्या जुनवानीत श्री शंकराचार्य समूहाची महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी इंग्रजी संभाषणाचा सराव ऐकण्यापासूनच सुरू व्हावा, असे माझे ठाम मत आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या श्रवणचाचणीत 40 प्रश्न असतात, ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात आणि पहिला भाग दोघांच्या रोजच्या व्यवहारातल्या बोलण्याचा असतो. वर्गातही तेच घ्यावे: वसतिगृहातली खोली, ग्रंथालयाचा दंड, बुडालेले प्रात्यक्षिक. व्याकरण कच्चे असताना हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण बोलण्याच्या ओघात शब्द एकमेकांत मिसळतात आणि नियम पाठ असूनही वाक्य निसटते. तो ओघ कानांना ऐकूनच सवयीचा होतो. म्हणून आधी मजकूर न बघता ऐकावे, मग बघून, आणि नंतर जोडीने भूमिका बदलत बोलावे. उच्चारांत छत्तीसगडी किंवा मराठी वळण राहिले तरी चालेल, समोरच्याला कळले पाहिजे.