चाकूरची बोली यंत्राला शिकवताना

बोलून टाइप करायची सोय आता बहुतेक मोबाइलमध्ये असते. तिला ‘आम्ही सोयाबीनची रास करत आहोत’ असं सांगितलं तर वाक्य बहुधा नीट उमटतं. आता आपण घरात जसं बोलतो तसं सांगून पाहा: ‘आमी सोयाबीनची रास करायलाव.’ या ‘करायलाव’ची जागा बऱ्याचदा भलताच शब्द घेतो. यात आपल्या बोलण्याचा काही दोष नाही. यंत्र शिकतं ते आवाज आणि त्या आवाजाचं लिखित वाक्य यांच्या जोड्यांवरून, आणि लातूर जिल्ह्यातल्या आपल्या चाकूरच्या बोलीच्या जोड्या त्याला फारशा मिळालेल्याच नाहीत.

त्या आपल्याला देता येतात. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१७ साली ‘कॉमन व्हॉइस’ हा प्रकल्प सुरू केला. जगभरातले स्वयंसेवक त्यात आपापल्या भाषेतला आवाज देतात. मराठीही त्यात आहे. मोबाइल, इंटरनेट आणि थोडी शांतता असली की पुरे.

आधी खातं उघडा आणि भाषा मराठी निवडा. खात्याशिवायही आवाज देता येतो, पण मग आपण कुठल्या भागातले हे नोंदलं जात नाही. खात्यात वय, लिंग आणि लहेजा, म्हणजे बोलण्याची ढब, अशा ऐच्छिक जागा असतात. लहेजाची जागा लोक रिकामी सोडतात किंवा तिथे नुसतं ‘मराठी’ लिहितात. तिथे ‘लातूर जिल्हा, चाकूर परिसर’ असं लिहा. पुढे एखाद्या संशोधकाला मराठवाड्याचे आवाज वेगळे काढायचे झाले, तर ते याच नोंदीवरून सापडतील.

मग वाचन. पडद्यावर एकेक वाक्य येतं, माइकचं बटण दाबून ते वाचायचं. पाच वाक्यं झाली की एक संच पूर्ण. पंखा बंद ठेवा, फोन तोंडाला चिकटवू नका. पण खरी गडबड बाहेरच्या आवाजाची नसते. काही जण माइक समोर आला की बातम्या देणाऱ्यासारखे बोलू लागतात. तसे आवाज यंत्राकडे भरपूर आहेत. त्याला आपला रोजचा आवाज हवा आहे. उलट काही जण लिहिलेलं ‘जात आहे’ बदलून ‘जायलो’ म्हणतात. मग आवाज आणि अक्षरं जुळत नाहीत, आणि ती नोंद बाद होते. शब्द समोरच्या वाक्यातलेच ठेवा, उच्चार मात्र आपलाच असू द्या.

यानंतरची पायरी पडताळणीची, म्हणजे दुसऱ्यांची नोंद ऐकून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ ठरवण्याची. एखादी नोंद पक्की व्हायला दोघांचा होकार लागतो. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होऊ शकतं. कुणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की शाळेत शिकलेला कान लगेच ‘चूक’कडे जातो. थांबा. समोरचा वाक्य सोडून बोलला आहे का, शब्द गाळला आहे का, एवढंच पाहायचं. न-ण किंवा ळ-ल यांचा फरक ही त्याच्या गावची ढब आहे. सिंधुदुर्गचा, गोंदियाचा, बेळगावचा आवाजही तसाच मोकळ्या मनाने ऐका. आपल्याला जो मान हवा, तो त्यांनाही हवाच.

मात्र नुसत्या वाचनाने ‘करायलाव’ यंत्रापर्यंत जाणार नाही. त्यासाठी तसं वाक्यच प्रकल्पात असावं लागतं, आणि ते आपल्याला लिहून देता येतं. वाक्य छोटं हवं, पंधरा शब्दांच्या आत. आकडे अक्षरांत लिहायचे, संक्षेप टाळायचे. वर्तमानपत्र, सिनेमा किंवा गाण्यातली ओळ उचलू नका. तिच्यावर दुसऱ्याचा हक्क असतो. ‘तू कव्हा आलास?’, ‘लेकरं रानात खेळायलेत’, ‘पाऊस यायलाय, कपडे काढ’ असं स्वतःचं लिहा.

इथे एक अडचण येते. वाक्याचं लेखन आणि व्याकरण बरोबर असावं असा नियम आहे, आणि वाक्य दुसरे स्वयंसेवक तपासतात. पुण्यातल्या तपासणाऱ्याला ‘खेळायलेत’ अशुद्ध वाटू शकतं. म्हणून मराठीसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांशी आधी बोला. सांगा, की हे लातूर-नांदेडकडचं चालू वर्तमानकाळाचं रूप आहे: मी करायलो, ती करायली, आमी करायलाव. त्याला स्वतःचं व्याकरण आहे. हा भाग १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, कन्नड-तेलुगू मुलूख शेजारी, उर्दू कचेरीत. त्या सगळ्यांतून ही बोली घडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, त्याचाही दाखला देता येईल. आणि एक शब्द एकदा जसा लिहिला तसाच पुढे लिहा. ‘करायलाव’ आणि ‘करायलाव्ह’ अशी सरमिसळ झाली तर यंत्राचा गोंधळ उडतो.

आवाज देण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘सीसी-झिरो’ या परवान्याखाली तो सर्वांसाठी खुला होतो; कुणीही तो उतरवून घेऊन वापरू शकतं. एकदा जगभर गेलेल्या प्रती परत बोलावता येत नाहीत. लहान मुलांचा आवाज पालकांच्या परवानगीशिवाय देऊ नका.

राहिली आपली आजी. बोली तिच्याच तोंडी सगळ्यात भरलेली असते, पण तिला वाचता येत नसेल तर ही पद्धत तिच्या कामाची नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘वाणी’ प्रकल्पात चित्र दाखवून त्याविषयी बोलायला सांगतात. तो मार्ग अशा माणसांना जवळचा. कॉमन व्हॉइससाठी मात्र आजीला विचारून, तिची हरकत नसेल तर, तिच्या बोलण्यातली वाक्यं वहीत उतरवा. त्यात गावातल्या कुणाचं नाव येत असेल तर गाळा, बाकीची तिथे टाका.