पेटीचं कुलूप, फळीचे स्क्रू
सर्व्हर समजून घेताना : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण फाइलच्या तीन परवानग्या पाहिल्या. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १. मालक, गट आणि इतर, अशा तिघांना त्या वेगवेगळ्या देता येतात. आज डिरेक्टरी. आकडे तेच, पण अर्थ बदलतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या इमारतीचा जिना आठवा. जिन्याखाली लाकडी फळी, फळीवर ओळीने टपालपेट्या, प्रत्येक पेटीला ज्याचं त्याचं कुलूप. फाइलची परवानगी म्हणजे ते कुलूप. डिरेक्टरी म्हणजे ती फळी. फळीवर ‘वाचणे’ म्हणजे पेट्यांवरची नावं दिसणं. ‘चालवणे’ म्हणजे फाटकातून आत येऊन पेटीपर्यंत पोचता येणं. आणि ‘लिहिणे’ म्हणजे हाती स्क्रू-ड्रायव्हर असणं. कुलपाला हातही न लावता अख्खी पेटी उतरवता येते आणि तिथे त्याच नावाची दुसरी बसवता येते.

म्हणून फाइल पुसण्याचा हक्क त्या फाइलच्या नव्हे, तिच्या डिरेक्टरीच्या परवानगीवर ठरतो. लिनक्समध्ये पासवर्डची सांकेतिक नोंद ठेवणारी ‘शॅडो’ ही फाइल सामान्य वापरकर्त्याला वाचताही येत नाही. पण ती ज्या ‘ईटीसी’ डिरेक्टरीत असते, तिची परवानगी ७५५ ऐवजी ७७७ केली, म्हणजे सगळ्यांनाच तिच्यात लिहू दिलं, तर कुणीही ‘शॅडो’ काढून स्वतःची ठेवू शकेल.

‘टेम्प’ डिरेक्टरीत मात्र सगळ्यांना लिहावंच लागतं. तिची परवानगी १७७७ असते. सुरुवातीचा १ म्हणजे स्टिकी बिट. पेटी कुणीही लावावी. उतरवावी ती ज्याची त्याने किंवा व्यवस्थापकाने.

अशी सामायिक फळी कार्यालयांतही असते. कल्याण-डोंबिवली महापालिकेने संगणकीकृत नागरी सुविधा केंद्राचा मार्ग राज्यात फार लवकर धरला. कर, पाणीपट्टी, दाखले अशी कामं जिथे एका छताखाली होतात, तिथे अनेकांचे हात सामायिक यंत्रणेवर असतात. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार, हे तत्त्व तिथे नागरिकाच्या दाखल्याचं रक्षण करतं.

‘परवानगी नाकारली’ असा संदेश दिसला की काही जण मुळापासून सगळ्यालाच ७७७ देऊन टाकतात. त्याने ‘सुडो’ला व्यवस्थापकाचे अधिकार देणारा सेटयूआयडी बिट जातो आणि ते चालेनासं होतं, दूरच्या सर्व्हरशी जोडणारं ‘एसएसएच’ सैल परवानगीची खासगी किल्ली नाकारतं. जुन्या परवानग्या फाइलव्यवस्था लक्षात ठेवत नाही, त्यामुळे सर्व्हर बहुधा बॅकअपवरून किंवा नव्याने उभा करावा लागतो.

त्याऐवजी ‘नेमआय -एल’ ही आज्ञा द्या. मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक डिरेक्टरीचा मालक, गट आणि परवानगी ती एकाखाली एक दाखवते. अडलेली पायरी सापडली की तेवढीच दुरुस्त करा. एकत्र काम करणाऱ्यांसाठी वेगळी डिरेक्टरी आणि वेगळा गट करून तिला ७७० द्या. सिस्टीमच्या डिरेक्टरीला ७७७ कधीही देऊ नका. त्या फळीवर तुमच्या एकट्याची पेटी नाही.