जंजिऱ्याचा शरभ आणि एल्डन रिंग

‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेमची (2022) कथा कोणी सरळ सांगत नाही. तलवारीच्या वर्णनातल्या दोन ओळी, भिंतीवरचं एखादं शिल्प आणि एखादा मोडका पुतळा यांतून ती खेळणाऱ्यानेच जुळवायची. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी लहानपणी आवाक्याबाहेरची पुस्तकं वाचायचे आणि न कळलेला भाग कल्पनेने भरायचे. तीच सवय त्यांच्या गेममध्ये उतरली.

असे तुकडे जुळवायचा नाद असेल, तर राजपुरीहून होडीने मुरूड-जंजिऱ्याच्या किल्ल्यावर जा आणि दरवाजाशी थांबा. तिथे कोरलेल्या शरभाने, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याने, पंजांत, जबड्यात, शेपटीत हत्ती पकडलेत. लोकप्रिय थिअरी अशी की, एकेक हत्ती म्हणजे किल्ल्याचे राज्यकर्ते असलेल्या सिद्दींनी नमवलेला एकेक शत्रू. 1948 मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन होईपर्यंत किल्ला अजिंक्य राहिला, म्हणून ती पटकन पटते.

मला मात्र ती अपुरी वाटते. शरभ शिवनेरीच्या दरवाजावरही आहे, म्हणजे हे एकट्या सिद्दींचं चिन्ह नाही. हत्तीलाही दाबणारं बळ दाखवायची ही दख्खनच्या दुर्गांची सामायिक खूण असावी. पुढच्या किल्ल्यावर आधी दरवाजाच्या दोन्ही बाजू बघा आणि शरभाच्या पंजात काय आहे ते कमेंटमध्ये फोटोसह टाका.