बलाढ्यांच्या शेजारचें लहान राज्य: फारुकी खानदेश

परराष्ट्रनीति हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन हीं शहरें उभीं राहतात. परंतु मोठ्या सत्तांच्या ओढाताणींत सांपडलेल्या लहान राज्यानें कोणाचा हात धरावा आणि केव्हां सोडावा, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचें उत्तर शोधण्यांत आपल्या तापीकांठच्याच एका राज्यानें दोनशेंहून अधिक वर्षें घालविलीं. तें राज्य म्हणजे फारुकी सुलतानांचा खानदेश. शाळेच्या पुस्तकांत त्याला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं. तरी लहान राज्य कसें टिकतें आणि कशानें बुडतें, हें समजून घेण्यास ह्याहून जवळचें उदाहरण मिळणार नाहीं.

प्रथम नकाशा पाहूं. भुसावळच्या स्टेशनांतून एक लोहमार्ग रावेर, बऱ्हाणपूर, खांडवा असा उत्तरेस जातो; दुसरा अकोल्यावरून नागपुराकडे; तिसरा जळगांवाहून फुटून तापीच्या खोऱ्यानें सुरतेस; आणि चौथा मनमाडच्या बाजूनें दक्षिणेस. ह्या दिशा लोहमार्ग बांधणाऱ्यांनीं नव्यानें शोधून काढल्या नाहींत. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगेंत वाट मोकळी झाली आहे, आणि त्या वाटेवर असीरगडचा किल्ला पहारा करीत उभा आहे. उत्तर हिंदुस्थानांतून दक्षिणेंत उतरणारीं सैन्यें आणि व्यापाऱ्यांचे तांडे त्याच वाटेनें येत. फारुकी राज्याच्या पश्चिमेस गुजरातची सल्तनत, उत्तरेस माळवा, पूर्वेस वऱ्हाड, दक्षिणेस बहामनी आणि पुढें अहमदनगरची निजामशाही होती. असा नाका ज्याच्या हातीं, त्याला जकात भरपूर मिळते. पण त्याच्या दारावर प्रत्येक शेजाऱ्याची नजरहि असते.

ह्या घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा. इ. स. १३७० मध्यें फिरोजशहा तुघलकाकडून त्याला थाळनेरची जहागीर मिळाली, आणि दिल्लीची पकड सैल होतांच तो स्वतंत्रपणें वागूं लागला. आपल्याला कोणाचा तरी आधार हवा, हें त्यानें लवकर ओळखलें. माळव्याच्या दिलावरखानाशीं त्यानें साटेंलोटें केलें. ह्या सोयरिकीच्या बळावर त्यानें गुजरातच्या सुलतानपूर-नंदुरबार भागांत हात घातला. पण गुजरातचा मुजफ्फर चालून आला, त्यानें मलिक राजाला थाळनेरांत कोंडलें, आणि तह करणें भाग पडलें.

त्याचा मुलगा नसीरखान ह्यानें असीरगड मिळविला आणि बऱ्हाणपूर वसविलें. १३९९ पासून १४३७ पर्यंतच्या आपल्या अडतीस वर्षांच्या कारकीर्दींत ह्या एकाच माणसानें तिन्ही शेजाऱ्यांचे हात धरून पाहिले. प्रथम माळव्याच्या मदतीनें त्यानें आपल्या भावाकडून थाळनेर घेतलें. पुढें गुजरातचा अहमदशहा चालून येतांच त्याचें वर्चस्व मान्य केलें आणि त्याच्याकडून 'खान' ही पदवी घेतली. खानदेश हें नांव ह्या पदवीवरूनच पडलें असें पुष्कळ लेखक मानतात. तसें असेल, तर आपल्या प्रांताचें नांवच मुळीं एका वरिष्ठ सत्तेनें दिलेलें आहे. मग गुजरातचा भार जड वाटूं लागला, तेव्हां त्यानें १४२९ च्या सुमारास आपली मुलगी बहामनी राजपुत्र अलाउद्दीन ह्यास दिली. कांहीं वर्षांनीं मुलीनें छळाची तक्रार केली, आणि नसीरखान आतां गुजरातच्या संमतीनें वऱ्हाडांत घुसला. बुलढाणा जिल्ह्यांतील रोहिणखेड येथें बहामनी सेनापति खलफ हसन ह्यानें त्याचा पराभव केला, बऱ्हाणपूर लुटलें, आणि धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याकडे हटलेला नसीरखान १४३७ मध्यें मरण पावला. ह्या आणीबाणींत त्याला वेळेवर कोणी सोडवूं शकलें नाहीं.

त्या काळीं तहाला तीन चिन्हें असत. पहिलें खंडणी, दुसरें मुलीचें लग्न, आणि तिसरें खुतबा. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळीं खुतब्यांत ज्याचें नांव घेतलें जाई, तो सार्वभौम समजला जाई. दुसऱ्या आदिलखानानें बराच काळ गुजरातची खंडणी थकविली; १४९८ मध्यें महंमूद बेगड्याचें सैन्य तापीपर्यंत येतांच ती चुकती केली. त्याच्यामागून आलेल्या दाऊदखानाला अहमदनगरची भीति वाटली, तेव्हां त्यानें माळव्याला बोलाविलें, आणि बऱ्हाणपूरच्या मशिदींत माळव्याच्या सुलतानाच्या नांवानें खुतबा वाचला गेला. थोडक्यांत, खंडणी एकाला, खुतबा दुसऱ्याला आणि मुलगी तिसऱ्याला, अशी कसरत चालूं होती.

ह्या कसरतीचा एक परिणाम मात्र फार घातक असतो. बाहेरचा मित्र हळूहळू घरांतला पक्ष बनतो. दाऊदखान १५०८ मध्यें वारला तेव्हां हें उघड झालें. दरबारांतील एका गटानें अहमदनगरच्या पाठिंब्याचा उमेदवार पुढें केला, दुसऱ्यानें गुजरातच्या पसंतीचा. आणि शेवटीं महंमूद बेगड्याच्या फौजेनें आपला माणूस गादीवर बसविला. राजा कोण हें बऱ्हाणपुरांत न ठरतां चांपानेरांत ठरलें.

तथापि हें राज्य टिकून होतें, आणि त्याचें कारण एकच होतें. एक शेजारी गिळावयास आला, कीं दुसऱ्याला तें पाहवत नसे. १५६२ मध्यें ह्याचा अखेरचा मोठा प्रत्यय आला. अकबरानें माळवा घेतला, तेव्हां पदच्युत बाजबहादूर खानदेशांत आश्रयास आला, आणि त्याच्या पाठोपाठ मोगल सरदार पीर महंमद बऱ्हाणपुरावर येऊन कोसळला. खानदेश, वऱ्हाड आणि बाजबहादूर एक झाले. मोगल हटले, आणि पीर महंमद परततांना नर्मदेंत बुडाला.

पण आतां नकाशाच बदलूं लागला होता. माळवा पुन्हां मोगलांकडे गेला. १५७२-७३ मध्यें गुजरातहि गेली. १५७६ मध्यें गादीवर आलेल्या राजा अलीखानाला ही अडचण पूर्ण समजली होती. तो सुज्ञ आणि विद्येचा चाहता होता. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदींत त्यानें अरबीबरोबर संस्कृतांतहि शिलालेख कोरविला. त्यानें अकबराचें वर्चस्व मान्य केलें, पण दक्षिणेशीं नातें तोडलें नाहीं. १५८६ मध्यें मोगल वऱ्हाडांत शिरले, तेव्हां तो अहमदनगरच्या बाजूस उभा राहिला. १५९१ मध्यें त्याच रोहिणखेडच्या रणांगणावर त्यानें बुऱ्हाण निजामशहाला गादी मिळवून दिली. त्याच वर्षीं अकबराचा वकील म्हणून कवि फैजी बऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला. पुढें १५९६ मध्यें चांदबीबीनें वऱ्हाड मोगलांस दिला, आणि चोहोंपैकीं तीन दिशांना एकच सत्ता उरली.

१५९७ च्या आरंभीं गोदावरीकांठीं आष्टीच्या लढाईंत राजा अलीखान मोगलांच्या बाजूनें लढतांना पडला. तो शत्रूला मिळाला अशी आवई उठली, आणि मोगल सैनिकांनीं आपल्याच ह्या दोस्ताची छावणी लुटली. त्याचें प्रेत रणभूमीवर सांपडलें, तेव्हां खरें काय तें कळलें. जन्मभर दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्यानें शेवटीं प्राण दिले, तरी त्याची निष्ठा खरी मानली गेली नाहीं.

त्याचा मुलगा बहादूर ह्यानें मोगलांशीं फटकून वागण्याचें ठरविलें आणि तो असीरगडांत जाऊन बसला. १६०० मध्यें अकबर स्वतः बऱ्हाणपुरास आला. त्याच वर्षीं अहमदनगर पडलें. आतां मदतीस येणारें जवळपास कोणी नव्हतें. डिसेंबरांत बहादूर बोलणीं करण्यासाठीं खालीं उतरला, तो परत जाऊं शकला नाहीं. अबुल फजल किल्ल्यांतील रोगराईवर भर देतो, तर जेझुइट पाद्री विश्वासघाताचा आरोप करतात. जानेवारी १६०१ मध्यें किल्ल्याचे दरवाजे उघडले आणि फारुकी राज्य संपलें.

कौटिल्यानें राजनीतीचे सहा उपाय सांगितले आहेत. त्यांपैकीं बलवानाचा आसरा घेणें तो संश्रय, आणि एकाशीं सख्य ठेवून दुसऱ्याशीं वैर करणें तो द्वैधीभाव. फारुकींनीं हे दोन्ही उपाय मनापासून केले. मग तें बुडालें कां? युरोपांतील सव्हॉयच्या राजघराण्याकडे पाहिलें म्हणजे उत्तर मिळतें. आल्प्सचे घाट त्याच्या हातीं होते. फ्रान्स आणि ऑस्ट्रिया ह्यांच्यामध्यें तेंहि असेंच बाजू बदलीत आलें. १७०३ मध्यें तर त्यानें चालू युद्धांत फ्रान्सला सोडून ऑस्ट्रियाचा पक्ष घेतला. तरी तें बुडालें नाहीं. १८६१ मध्यें त्याच घराण्याचा पुरुष इटलीचा राजा झाला. सव्हॉयचे राजे फारुकींहून अधिक प्रामाणिक होते असें नाहीं. त्यांचे दोन शेजारी शेवटपर्यंत एकमेकांस पुरून उरले, एवढाच फरक होता.

म्हणून लहान राष्ट्राच्या धोरणाला चंचल किंवा लबाड म्हणण्यापूर्वीं आपण त्याचा नकाशा पाहावा. त्याचें स्वातंत्र्य बहुधा त्याच्या शेजाऱ्यांच्या स्पर्धेवर अवलंबून असतें. ती स्पर्धा संपली, सर्व दारांशीं एकच धनी उभा राहिला, म्हणजे राजा अलीखानाचें इमान आणि बहादूरखानाचा हट्ट, दोहोंचाहि शेवट असीरगडच्या पायथ्याशींच होतो.