ऑटिझम, डिस्लेक्सिया आहे. साहेबांना सांगायचं का? पोलोग्राउंडवर उत्तरं दोन

इंदूरच्या पोलोग्राउंडवर पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीचं मुख्यालय आहे, आणि त्याच भागात खासगी कारखान्यांची वसाहतही. समजा, डिस्लेक्सिया असलेली दोन मराठी मुलं इथं नोकरीला लागली, एक वीज कंपनीत, दुसरा शेजारच्या कारखान्यात. ‘साहेबांना सांगू का?’ याचं उत्तर दोघांना सारखं नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आणि डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी त्यात येतात. एडीएचडीचं नाव त्यात नाही, ही मोठीच फट. कलम २० नुसार सरकारी आस्थापनेनं, सरकारी कंपनीनंसुद्धा, अशा कर्मचाऱ्याला कामात वाजवी सोय करून द्यायलाच हवी. खासगी मालकाला इतक्या थेट शब्दांत बांधलेलं नाही. पण समान संधी धोरण जाहीर करणं त्यालाही बंधनकारक आहे, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयींचा तपशील हवा. म्हणून कारखान्यातल्या मुलानं आधी एचआरकडे ते धोरण मागावं. ‘असं काही नसतं’ म्हणाले, तर तिथं सांगायची घाई करू नये, असं आमचं मत.

सरकारी नोकरीत आरक्षणातून लागलेल्याची माहिती फाइलमध्ये आधीच असते. आरक्षणाला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, सोयीला ती अट नाही. विकास कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. प्रमाणपत्र देशभर चालतं. जळगावात काढलेलं इंदुरात पुन्हा काढावं लागत नाही.

आता सांगायचं तरी काय? निदानाचं नाव दरवेळी सांगावंच असं नाही. ‘सूचना तोंडी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या’, ‘मशीनच्या आवाजापासून लांब बसवा’ एवढं मागता येतं, आणि बहुतेक सुपरवायझर त्यात फार खोलात जात नाहीत. पण गप्प राहण्याचीही किंमत आहे. उद्या चुकांवरून मेमो हातात पडला, तर ‘कंपनीला माहीत होतं’ हे दाखवायला कागद नसतो. त्यामुळे सांगायचं ठरलं तर कँटीनमध्ये नव्हे, एचआरला ईमेलनं सांगा. काय सोय हवी ते दोन ओळींत लिहा, आणि उत्तर जपून ठेवा.